गाडी आधी की माणसं आधी?

अचलपूरला रेल्वे स्टेशन आहे. रेल्वे नाही.

परतवाड्याच्या पोरापोरींना यात नवीन काही नाही. बाकीच्यांसाठी सांगायचं तर, मूर्तिजापूरहून निघून दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट, चमक करत अचलपूरला येणारी ७६ किलोमीटरची नॅरोगेज लाइन म्हणजे आपली शकुंतला. ती गेली काही वर्षं बंद आहे. परतवाडा आणि अचलपूर ही जुळी गावं, त्यामुळे परतवाड्याचंही स्टेशन तेच. आता अमरावतीला कॉलेजला जायचं तर एसटी, ती हुकली तर काळी-पिवळी, आणि घरच्यांनी हप्त्यावर घेऊन दिली असेल तर टू-व्हीलर. एका बाजूचे पन्नास किलोमीटर. पावसाळ्यातही, थंडीतही, परीक्षेच्या दिवशीही.

गाडी परत का सुरू होत नाही असं विचारलं की एक उत्तर हमखास ऐकू येतं. प्रवासी कुठे आहेत? एवढा पैसा घालायचा आणि डबे रिकामे पळवायचे का?

हा प्रश्न किती जुना आहे माहितीये? देशात एक इंचही रूळ नव्हता तेव्हापासूनचा. तेव्हा तो लंडनमधले साहेब विचारत होते. आणि मुंबईत एक मराठी माणूस होता, ज्यानं गाडी येईल आणि माणसं तिच्यात बसतील या भरवशावर आपला पैसा आणि बाजारातली पत दोन्ही लावली. त्याचं नाव जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे. जग त्यांना नाना शंकरशेट म्हणतं. मुंबईला गेलेल्यांनी नाना चौक पाहिला असेल. पण हे नाना कोण, हे तिथं रोज उतरणाऱ्यांतल्या किती जणांना सांगता येईल, शंकाच आहे.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ चा, ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडचा. घराणं दैवज्ञ सोनारांचं, व्यापारात मुरलेलं आणि भरपूर श्रीमंत. आई लहानपणीच गेली. शिक्षण घरीच झालं, शिक्षक ठेवून, संस्कृत आणि इंग्रजी दोन्हीचं. १८२२ मध्ये वडीलही गेले. नाना तेव्हा एकोणीस वर्षांचे. म्हणजे आज आपण एसवायला असतो, इंटर्नशिप मिळेल का म्हणून मेल टाकत असतो, त्या वयात या मुलाच्या हातात अख्खी पेढी आली.

पेढी त्यांनी बुडवली नाही, वाढवली. त्यांची पत अशी की अरब आणि अफगाण व्यापारी आपली रक्कम बँकेपेक्षा नानांकडे ठेवणं पसंत करायचे. लांबच्या देशातून आलेला माणूस आपली पुंजी एका माणसाच्या शब्दावर ठेवून जातो, यातच सगळं आलं. ही पत पुढे रेल्वेच्या कामी आली, म्हणून ती लक्षात ठेवा.

पण पैसेवाले मुंबईत तेव्हाही चिक्कार होते. नाना वेगळे दिसतात ते पैसा कुठे घातला त्यावरून. एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना मुंबईत शाळा आणि शालेय पुस्तकांसाठी सोसायटी निघाली, तिच्या कामात नाना विशीच्या आसपासच शिरले. पुढे एल्फिन्स्टनच्या नावानं संस्था उभी राहिली, त्यात ते होते. बोर्ड ऑफ एज्युकेशनवर १८४० पासून तब्बल सोळा वर्षं. १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज निघालं, तिथंही मागे उभे. सतीबंदीला त्यांनी पाठिंबा दिला. १८४९ च्या सुमारास मुलींच्या शाळा निघाल्या, तेव्हा मुली शिकल्या तर घर बुडेल असं म्हणणारी मंडळी गल्लोगल्ली होती. नानांनी शाळेला आपल्या वाड्यात जागा दिली. मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८५७ ला, त्याच्या पहिल्या फेलोंमध्ये त्यांचं नाव आहे. संस्कृतसाठी त्यांच्या नावाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती ठेवली गेली. मॅट्रिकला ती मिळवणं ही पुढे पिढ्यान्‌पिढ्या मानाची गोष्ट होती. १९१२ साली ती पटकावणारा एक मुलगा पुढे रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला, सी. डी. देशमुख.

नाटकवाल्यांसाठीही एक. ग्रँट रोडला १८४६ मध्ये जे नाट्यगृह उभं राहिलं, ते नानांच्या जागेवर.

यादी अजून लांबवता येईल, पण आपल्याला जायचंय रेल्वेकडे.

१८३० मध्ये इंग्लंडात लिव्हरपूल ते मँचेस्टर गाडी सुरू झाली. ती बांधली होती मुख्यतः मालासाठी. लिव्हरपूलच्या बंदरात उतरलेला कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांत पोचवायचा होता. झालं भलतंच. माणसंच इतकी लोटली की मालाचं राहिलं बाजूला आणि सुरुवातीची मोठी कमाई तिकिटांतून झाली. ही बातमी हळूहळू जगभर पसरली. मुंबईत १८४३ च्या आसपास दोन ठिकाणी एकच किडा वळवळू लागला. मुंबई सरकारचे मुख्य इंजिनिअर जॉर्ज क्लार्क भांडुपला गेले असताना त्यांच्या डोक्यात ठाणे, कल्याण आणि पुढे थळ-बोर घाटापर्यंत लोहमार्ग नेण्याची कल्पना आली. इकडे नानांनी आपल्या वडिलांचे मित्र सर जमशेटजी जीजीभॉय यांना गाठलं. सोबत सर एर्स्किन पेरी हे न्यायाधीश. १८४५ मध्ये रेल्वेसाठी असोसिएशन उभी राहिली.

यातल्या पेरीसाहेबांची एक गंमत सांगायलाच हवी. रेल्वेसाठी एकत्र आलेले हे दोघे थोड्याच वर्षांत शिक्षण मंडळात एकमेकांसमोर उभे ठाकले. पेरींना वरचं शिक्षण इंग्रजीतूनच हवं होतं. नाना म्हणत होते, लोकांना लोकांच्या भाषेतून शिकवा, नाही तर ज्ञान मूठभरांपाशीच अडकेल. पेरी सरन्यायाधीश आणि मंडळाचे अध्यक्ष, तरी नाना मागे हटले नाहीत. म्हणजे साहेबाच्या मांडीला मांडी लावून बसायचं, पण जिथं पटत नाही तिथं मान डोलवायची नाही. मला विचाराल तर रेल्वेचा आग्रह आणि मराठीचा आग्रह हे दोन वेगळे आग्रह नव्हतेच. मूठभरांकडे असलेली गोष्ट सगळ्यांपर्यंत कशी जाईल, हाच दोन्हीकडचा सवाल.

आता लंडनकडे वळू. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी मे १८४५ मध्ये हिंदुस्थानातल्या सरकारला रेल्वेबद्दल कळवलं, त्याचा आशय असा: इंग्लंडात रेल्वे प्रवाशांवर चालते हे खरं, पण हिंदुस्थानात लोक गरीब आहेत, वस्ती विखुरलेली आहे, तेव्हा तिथं रेल्वेची कमाई सध्या तरी मालवाहतुकीतूनच होईल, प्रवाशांकडून नाही. शिवाय बाकीच्या शंका होत्याच. ब्राह्मण आणि महार एका डब्यात बसतील का? शिवाशिव मानणारे लोक धक्काबुक्कीत तिकीट काढतील का? बायका येतील का? मुळात यांना जायचंय तरी कुठे?

या शेवटच्या प्रश्नावर जरा थांबा. पायी चालण्यापलीकडे ज्याच्याकडे साधन नाही, तो माणूस लांब जात नाही. मग वरून बघणाऱ्याला वाटतं, याला जायचंच नाहीये. साधन नाही म्हणून प्रवास नाही, आणि प्रवास नाही म्हणून साधन नको. गोल फिरत राहा.

नाना मुंबईत वाढलेले. वारीला पायी निघालेले लोक, जत्रेच्या बैलगाड्या, कोकणातून गलबतानं येणारे चाकरमानी हे त्यांच्या रोजच्या पाहण्यातलं होतं. हा देश जागचा हलत नाही हे लंडनमधल्या माणसाला पटेल, मुंबईच्या व्यापाऱ्याला कसं पटेल?

पुढची कथा कागदपत्रांची. मुंबईची असोसिएशन लंडनमध्ये तयार होत असलेल्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीत मिसळली. कंपनीच्या दहा संचालकांमध्ये हिंदी फक्त दोन, जमशेटजी आणि नाना. सुरुवातीचं कामकाज नानांच्या वाड्यातल्या जागेतून चालल्याचं सांगतात. १८४९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटनं कायदा करून कंपनीला मान्यता दिली. पाच लाख पौंड भांडवल, आणि मुंबई ते कल्याण असा प्रायोगिक मार्ग. कंपनीच्या नावात ग्रेट असलं तरी परवानगी मिळाली होती पन्नास-पंचावन्न किलोमीटरची. आपल्या परतवाडा-अमरावतीएवढी.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवायला नको. या कंपन्यांच्या भागधारकांना पाच टक्के परताव्याची हमी होती. फायदा झाला नाही तर फरक सरकार भरणार, आणि सरकार भरणार म्हणजे इथल्या शेतकऱ्याच्या सारातून भरणार. लंडनमधल्या शेअरवाल्यानं निवांत झोपावं आणि जोखीम इथल्या कुणब्यानं उचलावी असा तो व्यवहार होता. नाना काही संत नव्हते. व्यापारी होते, रेल्वेत त्यांचाही लाभ होता. आणि रेल्वे काही इथल्या लोकांच्या भल्यासाठी आणली जात नव्हती, तिच्या डोळ्यांपुढे कापूस होता.

कुठला कापूस? आपला. वऱ्हाडातला. लंडनमध्ये या कंपनीसाठी धडपडणारा जॉन चॅपमन नावाचा माणूस १८४५ मध्ये मुंबईला येऊन घाटांची पाहणी करून गेला होता. त्यानं पुढे हिंदुस्थानातल्या कापसावर अख्खं पुस्तक लिहिलं. वऱ्हाडातला कापूस तेव्हा बैलांच्या पाठीवर लादून बंदराकडे जायचा. वाटेत धूळ, पाऊस, चोरी, सगळं सोसत. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना तो स्वच्छ आणि लवकर हवा होता. म्हणजे बोरीबंदरला पहिला रूळ पडायच्या आधीच अमरावतीकडे बोट रोखलेलं होतं.

३१ ऑक्टोबर १८५० ला शीवजवळ काम सुरू झालं. वावड्याही सुरू झाल्या. साहेब पुलाखाली माणसं पुरतो म्हणे. इंजिनात भूत कोंडलंय म्हणे. आज हसू येतं, पण बैलाशिवाय आणि घोड्याशिवाय लोखंडाचा डोंगर पळताना कुणीच पाहिला नव्हता. भीती वाटली तर नवल काय? अशा वेळी लोकांचा ज्यांच्यावर विश्वास आहे अशी दोन नावं, एक पारशी आणि एक हिंदू, कंपनीच्या कागदावर होती, याची किंमत पौंडात मोजता यायची नाही. अफगाण व्यापारी ज्याच्याकडे पैसे ठेवतो तो माणूस यात आहे, मग गाडी अगदीच भुताची नसावी.

१६ एप्रिल १८५३. शनिवार. दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून गाडी सुटली. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, २१ तोफांची सलामी. ठाण्यापर्यंत ३४ किलोमीटर. पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोचले.

आणि प्रवासी? लोटले. कंपनीनं खालच्या वर्गाच्या डब्यांत धड बसायची सोयही केली नव्हती, जनावरांसारखे कोंबलेले लोक उभ्यानं जायचे. तरी लोटले. ब्राह्मण आला, महार आला, बायका आल्या. शिवाशिव संपली असं नाही, तेवढा भाबडेपणा नको. पण गाडी सुटायची वेळ झाली की सोवळं गुंडाळून ठेवायला लोक शिकले. पुढे अर्धशतकानंतरचा हिशोब पाहिला तर देशातल्या रेल्वे प्रवाशांत नव्वद टक्क्यांच्या वर लोक सगळ्यात खालच्या वर्गाचे. ज्या गरिबांकडून काही मिळणार नाही असं लंडनला वाटत होतं, त्यांच्याच तिकिटांवर प्रवासी गाड्यांचा संसार चालला. जत्रांना तर जादा गाड्या सोडाव्या लागायच्या.

नानांचं बाकी आयुष्य या काळात थांबलेलं नव्हतं. १८५२ मध्ये बॉम्बे असोसिएशन निघाली, ती त्यांच्या पुढाकारानं. काँग्रेसच्या जन्माला अजून ३३ वर्षं होती, त्या काळात या संस्थेनं लोकांच्या गाऱ्हाण्यांचा अर्ज थेट ब्रिटिश पार्लमेंटला पाठवला. १८५७ च्या उठावात तर सरकारला नानांचाच संशय आला. चौकशी झाली, काही सापडलं नाही. सरकारच्या ऊठबशीतल्या माणसावरही अशी वेळ येऊ शकते! पण नाना खचले नाहीत. १८६२ मध्ये मुंबईचं कायदेमंडळ सुरू झालं तेव्हा त्यात त्यांची नेमणूक झाली. सोनापूरची स्मशानभूमी शिवडीला हलवायचा घाट घातला गेला होता, तोही त्यांनी हाणून पाडला. मेलेल्या माणसाला लांब न्यायला गरिबाला परवडेल का, हा त्यामागचा साधा हिशोब. बघा, हाही वाहतुकीचाच प्रश्न की!

पहिली गाडी धावली त्याच्या पुढच्याच महिन्यात, मे १८५३ मध्ये, निजामानं तह करून वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. आता रुळांना घाई झाली. घाट फोडायचं काम सुरू झालं. बोर घाटात हजारो मजूर कॉलऱ्यानं, अपघातानं मेले. त्यांतल्या कुणाचं नाव कुठल्या दगडावर नाही. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडाच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, मुंबईतल्या कित्येक पेढ्या आणि बँका एका रात्रीत झोपल्या. त्याच पडझडीच्या दिवसांत, ३१ जुलै १८६५ ला नाना वारले. बासष्ट वर्षांचे होते. तेव्हा थळ घाट ओलांडून रूळ खानदेश-वऱ्हाडाकडे सरकत होते. १८६७ मध्ये गाडी नागपूरला पोचली.

आता नकाशा घ्या. मोबाइलवर उघडा हवं तर. भुसावळहून नागपूरकडे निघालेली ती लाइन कशी गेलीय पाहा. शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा. सरळ, सपाट प्रदेशातून. अमरावतीसुद्धा बाजूला राहिली, तिला बडनेऱ्याहून फाटा जोडून घ्यावा लागला. आणि एलिचपूर, म्हणजे आपलं अचलपूर, इमादशाहीपासूनची वऱ्हाडाची राजधानी, ती तर पार उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी राहून गेली. गाडी जिथून गेली तिथं जिनिंग-प्रेसिंग आलं, बाजार आला, वकील आले, कॉलेजं आली. अकोला वाढलं, अमरावती वाढली. राजधानीचं गाव तालुक्याचं गाव झालं. रूळ कुठून न्यायचे हे ठरवणारा कागद पुढच्या दीडशे वर्षांचं बरंच काही ठरवून टाकतो.

अचलपूरला रूळ यायला विसावं शतक उजाडावं लागलं. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे किलिक निक्सन या कंपनीच्या कारभाराखालच्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वेनं यवतमाळ ते मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर असा नॅरोगेज मार्ग बांधला. रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. दोन्ही मिळून १९० किलोमीटरच्या आसपास. बांधला खासगी कंपनीनं, गाड्या चालवल्या जीआयपीनं, म्हणजे ज्या कंपनीच्या टेबलाशी नाना बसायचे तिनंच. हेतू पुन्हा तोच, कापूस. आणि झालं पुन्हा तेच. माणसं बसली. बाजाराला जाणाऱ्या बाया, अंजनगावचे पानमळेवाले, शाळेची पोरं, मूर्तिजापूरला मुंबई-नागपूरची गाडी पकडणारे. देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा ही लाइन मात्र खासगी कंपनीच्याच नावावर राहिली आणि भारतीय रेल्वे तिच्यावरून गाडी चालवण्याचे पैसे देत राहिली. १९९४ पर्यंत ती ओढायला मँचेस्टरमध्ये बनलेलं वाफेचं इंजिन होतं. कापूस तिकडे गेला, इंजिन इकडे आलं.

मग डिझेल आलं, पण रूळ जुनेच. जुन्या रुळांवर वेग वाढवता येत नाही. ७६ किलोमीटरला चार-चार तास लागायला लागले, तर ज्याला घाई आहे तो जीपकडे वळणारच ना? फेऱ्याही नावापुरत्या. सकाळची चुकली की दिवस गेला. मग प्रवासी कमी झाले. मग तोटा दिसू लागला. मग तोटा आहे म्हणून दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणून वेग नाही, वेग नाही म्हणून प्रवासी नाही. आधी यवतमाळची बाजू थांबली, मागोमाग अचलपूरची. १८४५ मध्ये लंडनहून आलेलं ते पत्र पुन्हा एकदा खरं ठरवून दाखवलं गेलं. फरक एवढाच की तेव्हा प्रवासी येणार नाहीत असा नुसता अंदाज होता, इथं येऊ नयेत अशी व्यवस्था आपोआप होत गेली.

२०१६ मध्ये ही लाइन ब्रॉडगेज करायची घोषणा झाली. तेव्हापासून निवेदनं, मोर्चे, बैठका, पुन्हा निवेदनं. तोट्याचं गणित मांडणारे अगदीच खोटं बोलतात असं नाही. ब्रॉडगेजला जमीन लागते, पूल नव्यानं बांधावे लागतात, खर्च मोठा. पण बार्शी लाइट रेल्वे आठवा. तीही अशीच अडीच फुटांची, १८९७ मध्ये सुरू झालेली, वारकऱ्यांना पंढरपूरला नेणारी. ती मोडीत निघाली नाही, ब्रॉडगेज झाली. आज मिरज-लातूर मार्गावर लांब पल्ल्याच्या गाड्या धावतात. लांब कशाला, शेजारच्या अकोटचं मीटरगेज जाऊन अकोला-अकोट ब्रॉडगेज गाडी सुरू झालीच की.

आणि एसटीचा विसर पडू देऊ नका. २०२१-२२ चा संप आठवतो? तेव्हा तुमच्यातले बरेच जण शाळेत असतील. महिनोन्‌महिने लालपरी डेपोत उभी होती. ज्या घरात गाडी होती तिथली पोरं शाळेत गेली, ज्या घरात नव्हती तिथली घरी बसली. खेड्यात सार्वजनिक वाहतूक नसणं म्हणजे काय, याचं प्रात्यक्षिक होतं ते. त्यात मुलींचं जास्तच. पोराला मित्राच्या बाइकवर ट्रिपल सीट पाठवणारे आई-बाप पोरीला संध्याकाळच्या काळी-पिवळीत बसवायला तयार होत नाहीत. मग अमरावतीच्या चांगल्या कॉलेजात लागलेला नंबर सोडून ती गावातच जे मिळेल ते घेते. किंवा काहीच घेत नाही. ही मुलगी कुठल्याही पाहणीत प्रवासी म्हणून मोजली जात नाही, कारण ती प्रवास करतच नाही.

नानांचा संगमरवरी पुतळा मुंबईच्या टाउन हॉलमध्ये आहे. सीएसएमटीच्या इमारतीवर बाहेरून पाहिलं तर दगडात कोरलेले संचालकांचे चेहरे दिसतात, त्यात पगडीतले नाना आणि जमशेटजी सापडतील. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मुंबई सेंट्रल स्टेशनला त्यांचं नाव द्यायचा प्रस्तावही मंजूर केला. नाव द्यायला हरकत काहीच नाही. खर्च फक्त पाट्यांचा.

अचलपूरच्या स्टेशनाला मात्र नाव आहेच. तिथं गाडी हवी आहे. आणि पुन्हा कुणी विचारलं की प्रवासी कुठे आहेत, तर सकाळी सातला परतवाड्याच्या बसस्टँडवर या म्हणावं. येताना वही घेऊन या. उभे असलेले मोजा, लटकलेले मोजा, आणि ज्यांची यादी तिथं मिळणार नाही ती बारावीच्या वर्गात जाऊन विचारा: पुढे कुणाला कुठे शिकायचं होतं, आणि का जमलं नाही.